पस्तीस हजार काय? विमानाचं इंग्रजी अन् मापं शिकायची सोपी पद्धत

घरात खायच्या तेलाची पिशवी असंल तर आणा अन् नीट वाचा. वर मोठ्या अक्षरात १ लिटर लिहिलेलं असतंय आणि खाली बारीक अक्षरात बहुतेक ९१० ग्रॅम. म्हणजे लिटर वेगळं, किलो वेगळं. आपल्या आयांना हे कुणी शिकवलं नाही तरी माहीत असतंय. पण २३ जुलै १९८३ ला कॅनडात एका बोइंग ७६७ मधी इंधन भरताना चांगल्या शिकलेल्या माणसांची इथंच फसगत झाली. देश तेव्हा पाउंडावरून किलोवर चालला होता, मोजणाऱ्यांनी लिटरला १.७७ नं गुणलं, आता १.७७ हे एका लिटरचे पाउंड झाले, किलो पाहिजे होते तर ०.८ नं गुणायला पाहिजे होतं. झालं, २२,३०० किलो इंधन हाय असं सगळे धरून चालले आणि खरं होतं २२,३०० पाउंड, निम्म्याहून कमी. हवेतच दोन्ही इंजिनं बंद. पायलटनं ते विमान तसंच तरंगत गिमली नावाच्या गावाला हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर आणून टेकवलं, जिथं त्या दिवशी गाड्यांच्या रेस चालू होत्या, आणि नशीब बघा, ६९ च्या ६९ माणसं वाचली.

आकडा सगळ्यांचा तोच होता बरं का, फक्त त्याच्यामागचं युनिट चुकलं.

हे पहिल्याच दिवशी सांगायचं कारण म्हणजे, मी संभाजीनगरला सिडकोत ग्राउंड स्टाफ अन् केबिन क्रूच्या इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या पोरापोरींना इंग्रजी शिकवतो, परभणी, हिंगोली, उदगीर कुठून कुठून येतात, आणि दर बॅचला एक प्रश्न मी विचारतोच की मोठं विमान साधारण किती उंचीवर उडतं. उत्तर येतं, सर, थर्टी फाइव्ह थाउजंड. मी म्हणतो, थर्टी फाइव्ह थाउजंड काय? मग शांतता. एकदा एकजण म्हणला, किलोमीटर. आता ३५ हजार किलोमीटरच्या वर टीव्हीचे उपग्रह फिरतात, तिथं विमान गेलं तर उतरणार कामून! सगळे हसले, तो पण हसला, पण त्या दिवसापासून तो कधी युनिटशिवाय आकडा बोलला नाही.

तर पहिली सवय हीच लावा. वहीत शब्द लिहिताना नुसता शब्द आणि त्याचा मराठी अर्थ असं नका लिहू, त्याच्यासोबत त्याचं माप लिहा आणि एक पूर्ण वाक्य लिहा. आपण घरी हे करतोच की. शेत एकर-गुंठ्यात, विहीर परसात, बोअर फुटात, कापूस क्विंटलमधी, सोनं तोळ्यात. बोअरला किती गुंठ्यावर पाणी लागलं असं कुणी विचारतंय का? विमानातही प्रत्येक गोष्टीचं माप ठरलेलं हाय. भारतात आणि जगात बऱ्याच ठिकाणी वरची उंची फुटात, अंतर नॉटिकल मैलात, वेग नॉटमधी, धावपट्टीची लांबी आणि दिसण्याचं अंतर म्हणजे व्हिजिबिलिटी मीटरमधी, इंधन किलोत, हवेचा दाब हेक्टोपास्कलमधी, तापमान सेल्सियसमधी. अमेरिकेत दाब पाऱ्याच्या इंचात सांगतात आणि इंधन पाउंडात, तेवढा फरक लक्षात ठेवा. इंधन लिटरमधी का नाही, तर गरम झालं की ते फुगतं, लिटर वाढतात, वजन मात्र तेवढंच राहतं, आणि इंजिनाला जी ताकद मिळते ती वजनाच्या हिशोबानं.

आता सगळ्यात जास्त घोळ कुठं होतो तर उंचीत. मराठीत आपण एकाच शब्दात भागवतो, इंग्रजीत चार शब्द हायत आणि चारही वेगळे. हे नीट समजून घ्या, इंटरव्ह्यूलाही विचारतात. समजा आपल्या संभाजीनगरच्या चिकलठाणा एअरपोर्टच्या जागेवर ६० फुटी पाण्याची टाकी हाय आणि तुम्ही तिच्यावर चढून बसला (बसू नका, उदाहरण हाय). तिथली जमीनच समुद्रापासून १,९११ फूट वर हाय, ती झाली एलिव्हेशन. एलिव्हेशन जमिनीची, ती रोज बदलत नाही. तुम्ही जमिनीपासून ६० फूट वर, ती झाली हाइट. उच्चार हाइट, शेवटी थ लावू नका, लई जण विड्थच्या नादात हाइथ म्हणतात. आणि समुद्रापासून तुम्ही १,९७१ फुटांवर, ती झाली अल्टिट्यूड. चौथा शब्द फ्लाइट लेव्हल, तो जरा वेगळाय. विमानातलं उंचीचं घड्याळ, म्हणजे अल्टिमीटर, खरं तर हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची दाखवतं. दाब रोज बदलतो, जागोजागी बदलतो. म्हणून खाली एअरपोर्टजवळ असताना पायलट तिथला त्या वेळचा दाब सेट करतो, त्याला क्यूएनएच म्हणतात, आणि तो बरोबर सेट केला की चिकलठाण्यात जमिनीवर उभं असतानाच घड्याळ १,९११ च्या आसपास दाखवतं. ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर मात्र सगळी विमानं एकच आकडा लावतात, १०१३.२५ हेक्टोपास्कल, म्हणजे सगळ्यांची घड्याळं एका हिशोबात येतात आणि कुणी कुणाला धडकत नाही. मग ३५,००० फुटाला म्हणायचं फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झीरो. शेवटचे दोन शून्य गायब. फ्लाइट लेव्हलच्या मागं फीट शब्द लावायचा नसतो, ही चूक लई पोरं करतात.

फुटाचं मीटर डोक्यातल्या डोक्यात करायचं तर तिननं गुणा आणि दहानं भागा. ३५,००० फूट म्हणजे १०,५०० मीटर, खरं उत्तर १०,६६८, पण बोलताना तेवढं चालतं. लेखी परीक्षेत ०.३०४८ वापरा.

वेगाचं युनिट नॉट. लिहिताना त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधी पहिलं अक्षर के असतं पण ते बोलायचं नाही, आणि दोरीच्या गाठीला पण हाच शब्द, कारण जुन्या काळी जहाजवाले गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून वेग मोजायचे. एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. आता इथं एक चूक अशी हाय की चांगले चांगले करतात, नॉट्स पर अवर म्हणतात. नॉटमधी तास आधीच हाय बाबांनो, परत लावला की चहात साखर टाकून वर गूळ टाकल्यासारखं होतंय. किलोमीटर करायचे तर दुप्पट करा आणि त्यातून दहा टक्क्याला जरा कमी काढा. १४० नॉट, दुप्पट २८०, त्यातून वीसेक काढले की २६०, खरं २५९. बसलं की नाही.

नॉटिकल मैल १,८५२ मीटरचाच का? आपल्या गाडीवाल्यांचा जो मैल असतो तो १.६ किलोमीटरचा, हा वेगळा. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण अक्षांशाच्या ज्या अंशाच्या रेषा असतात, त्या एका अंशाचे ६० भाग केले, तर एक भाग म्हणजे साधारण एक नॉटिकल मैल. म्हणजे नकाशावरून थेट अंतर निघतं. संभाजीनगर साधारण १९ अंश ५२ मिनिटावर, लातूर १८ अंश २४ मिनिटावर, फरक ८८ मिनिटांचा, म्हणजे लातूर आपल्यापेक्षा ८८ नॉटिकल मैल दक्षिणेला. ते पूर्वेलाही सरकलेलं हाय म्हणून खरं अंतर जास्त भरतं, ते सोडा. मुंबईचं सरळ अंतर १५० नॉटिकल मैलाच्या आसपास, २८० किलोमीटर. रेडिओवर, म्हणजे पायलट अन् खालून सूचना देणाऱ्या टॉवरच्या बोलण्यात, मात्र नॉटिकल शब्द बहुतेक बोलतच नाहीत, नुसतं फाइव्ह माइल्स म्हणतात आणि ते नॉटिकलच असतात.

एक ग्रामरची गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाहीतर विसरीन. माप जेव्हा नावाच्या आधी विशेषण म्हणून येतं तेव्हा ते एकवचनी राहतं. द रनवे इज टू थाउजंड मीटर्स लाँग, पण अ टू थाउजंड मीटर रनवे. द टॉवर इज सिक्स्टी फीट हाय, पण अ सिक्स्टी फूट टॉवर. फूट आणि फीटचा गोंधळ यानं मिटतो. आणि एअरक्राफ्टचं अनेकवचन एअरक्राफ्टच, एअरक्राफ्ट्स नाही. लगेजेस, बॅगेजेस असलं पण काही नसतं, टू बॅग्ज म्हणा नाहीतर टू पीसेस ऑफ बॅगेज. सीव्हीत एअरक्राफ्ट्स लिहिलेलं बघितलं की मला दात दुखल्यासारखं होतंय.

आता आकडे बोलायचे कसे, हा माझ्या मते शिकण्यातला सगळ्यात मोठा भाग आणि यावर कुणी वेळ देत नाही. आपली अडचण खास मराठी हाय. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर बोलतो, इंग्रजीत उलटं. म्हणून घाईत फिफ्टी टू ऐकून माणूस पंचवीस लिहितो, आणि सिक्स्टी फाइव्हचे छप्पन्न होतात. फिफ्टीन-फिफ्टी, थर्टीन-थर्टी हे तर जगात सगळ्यांनाच फसवतं. म्हणून रेडिओवर आकडे सुटे बोलतात, ओटीपी सांगितल्यासारखे. दिशा २७० अंश असंल तर हेडिंग टू सेव्हन झीरो. धावपट्टीचा नंबर पण असाच. चिकलठाण्याची पट्टी ०९ आणि २७, म्हणजे एका टोकानं विमान पूर्वेकडं तोंड करून, ९० अंशाला, दुसऱ्या टोकानं पश्चिमेकडं, २७० अंशाला, शेवटचा शून्य काढून टाकला की झाला नंबर. कंपासवरून घेतात आणि जवळच्या दहाला नेतात. मग कुठल्याही एअरपोर्टचा नंबर ऐकला की पट्टी कुठं तोंड करून हाय ते घरबसल्या सांगता येतं, आणि दोन टोकांत कायम १८ चा फरक.

काही आकड्यांचे उच्चार मुद्दाम बदललेत. तीनला ट्री, चारला फाउअर, पाचला फाइफ, नऊला नाइनर, हजाराला टाउजंड. कारण रेडिओच्या खरखरीत फाइव्ह आणि नाइन सारखेच ऐकू येतात, आणि थ हा आवाज जगातल्या अर्ध्या लोकांना जमत नाही. दशांशचिन्हाला पॉइंट नाही, डेसिमल. आणि आपली डबल फोर, ट्रिपल नाइन म्हणायची सवय, मोबाइल नंबर सांगताना, ती इथं बंद. फाउअर फाउअर, नाइनर नाइनर नाइनर, सुटं सुटं. नंबर मोठा असंल तर हजार आणि शेकडा चालतात, टू टाउजंड फाइफ हंड्रेड फीट. अक्षरांचं पण तसंच, बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली इथं चालत नाही. अल्फा, ब्रावो, चार्ली, डेल्टा असं सव्वीस अक्षरांचं ठरलेलं हाय. क्यूला केबेक म्हणतात, क्वेबेक नाही. आणि वेळ जगभर एकच, ग्रिनिचची, तिला झुलू म्हणतात, आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढं. सकाळचे साडेसात म्हणजे झीरो टू झीरो झीरो झुलू.

मग येतात ते ठरलेले शब्द. रॉजर म्हणजे हो नाही! सिनेमा बघून सगळ्यांचा तसा समज झालेला हाय. रॉजर म्हणजे तुमचं बोलणं पूर्ण मिळालं, बस. हो म्हणायला अफर्म, नाही म्हणायला निगेटिव्ह, तुम्ही सांगितलं तसं करतो म्हणायला विल्को, जमणार नाही म्हणायला अनेबल, परत सांगा म्हणायला से अगेन, थांबा मी सांगतो म्हणायला स्टँडबाय. ओव्हर अँड आउट असं एकत्र कुणी म्हणत नाही, ओव्हर म्हणजे आता तुम्ही बोला आणि आउट म्हणजे बोलणं संपलं, दोन्ही एकदम कसं होईल.

आपल्याकडं फोनवर समोरचा बोलत असतो आणि आपण नुसतं हां, हां, ठीकाय, ओके करत असतो, अर्ध ऐकून. ही सवय इथं जीवघेणी हाय. २७ मार्च १९७७ ला तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो ७४७ धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. एका पायलटनं आपण टेकऑफला हाओत अशा अर्थाचं काहीतरी मोघम वाक्य बोललं, टॉवरवाल्याला वाटलं हा उभा राहून वाट बघतोय, तो आधी ओके म्हणला, आणि पुढचं थांब म्हणलेलं रेडिओच्या गोंधळात नीट ऐकूच गेलं नाही. तेव्हापासून टेकऑफ हा शब्द फक्त टेकऑफची परवानगी देताना-घेताना किंवा ती रद्द करताना वापरतात, बाकी सगळीकडं डिपार्चर. आणि महत्त्वाची सूचना शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायची, त्याला रीडबॅक म्हणतात. किराणा दुकानवाला यादी परत वाचून दाखवतो ना, तसंच.

नम्रपणाचंही एक हाय. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचं एक विमान इंधन संपून पडलं, ७३ जण गेले. को-पायलटनं रेडिओवर इंधन संपत आलंय असं सांगितलं होतं, पण इमर्जन्सी हा शब्द काही वापरला नाही, आणि खालच्यांना त्याची घाई कळलीच नाही. म्हणून जिवावर बेतलं तर मेडे तीनदा आणि जरा कमी तातडीचं असंल तर पॅन-पॅन तीनदा, हे शब्द पाठ करा. लाजायचं नाही.

आणि भाषा आणि मापं दोन्ही एकदम आडवं आलेलं बघायचं तर आपल्याच देशातलं, हरियाणातलं चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून वर चढणारं सौदीचं ७४७, त्याला १४ हजार फुटांवर राहायला सांगितलेलं, आणि उतरायला येणारं कझाकिस्तानचं इल्यूशिन, त्याला १५ हजारावर. इल्यूशिन आपली लेव्हल सोडून खाली आलं आणि टक्कर झाली, दोन्ही विमानांतली ३४९ च्या ३४९ माणसं गेली. इल्यूशिनचे वैमानिक मीटर आणि किलोमीटरमधी शिकलेले, इंग्रजी कच्ची, टॉवरशी बोलायचं काम वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडं. पुढं आयकाओ या जागतिक संघटनेनं पायलट आणि कंट्रोलरसाठी इंग्रजीच्या सहा लेव्हल ठरवल्या, चौथी तरी पाहिजेच. त्यात उच्चार, व्याकरण, शब्द, ओघ, समजणं आणि संवाद, सहा गोष्टी बघतात. अमेरिकन ॲक्सेंट पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. आपला मराठवाडी सूर राहू द्या, समोरच्याला पहिल्या झटक्यात कळलं पाहिजे एवढंच. व्ही आणि डब्ल्यू तेवढं वेगळं काढा, वेस्ट (पश्चिम) म्हणताना ओठ गोल करा.

काही शब्द ओळखीचे वाटतात आणि तिथंच फसवतात. स्टॉल म्हणजे भज्यांचा स्टॉल नाही, इंजिन बंद पडणं पण नाही, पंखावरून हवा नीट वाहायची थांबून पंख विमानाला उचलून धरेनासा होतो तो स्टॉल, इंजिन जोरात चालू असताना सुद्धा होतो. एलिव्हेटर लिफ्ट नाही, शेपटीजवळची हलणारी पट्टी, नाक वर-खाली करणारी. बँक म्हणजे वळताना एका बाजूला कलणं. पिच क्रिकेटचं नाही, नाक वर-खाली होणं. ॲप्रन स्वयंपाकघरातला नाही, विमानं उभी राहतात ते अंगण. टॅक्सी हे क्रियापद हाय, विमान स्वतःच्या जोरावर जमिनीवर चालतं ते. होल्ड म्हणजे थांबा पण आणि पोटातली सामानाची जागा पण. आणि रोटेट म्हणजे गोल फिरणं नाही, धावता धावता नाक उचलणं. हा शब्द आपल्या गावाला जवळचा हाय, १९९३ च्या २६ एप्रिलला चिकलठाण्यावरून उडणारं विमान रोटेट उशिरा झालं आणि पट्टीच्या टोकाला बीड रोडवरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, ५५ जण गेले. जुनी माणसं अजून सांगतात.

प्रवाशांशी बोलायचे शब्द सोपे हायत, त्यावर जास्त वेळ घालवत नाही. डायरेक्ट फ्लाइट मधी कुठं थांबू शकते, नॉनस्टॉप थांबत नाही. डिले म्हणजे उशीर, डायव्हर्ट म्हणजे दुसऱ्याच गावाला नेलं. एअर होस्टेस म्हणू नका, केबिन क्रू म्हणा.

सराव कसा करायचा, तर फुकटात होतो. फोनवर फ्लाइटरडार२४ हे ॲप उघडा, डोक्यावरून जाणारं विमान शोधा, त्याची उंची आणि वेग दिसतो, तो मोठ्यानं वाचा, युनिटसकट, आणि मग मीटर-किलोमीटर करून सांगा. फोनमधला कंपास लावून घराच्या दाराचं हेडिंग काढा. दोघंजण असाल तर एकानं टॉवर व्हायचं, दुसऱ्यानं रीडबॅक द्यायचा, तोंड न बघता, पाठीला पाठ लावून, म्हणजे ओठ दिसत नाहीत. आणि सगळ्यात भारी सराव एसटीत खिडकीजवळ बसून होतो. समोरून येणाऱ्या गाडीचा नंबर वाचायचा, एमएचला माइक हॉटेल म्हणायचं, माइक हॉटेल टू टू म्हणजे परभणी, टू फाउअर म्हणजे लातूर, ट्री एट हिंगोली, आणि पुढची अक्षरं-आकडे पण त्याच पद्धतीत, गाडी बाजूनं निघून जायच्या आत. जालना येईपर्यंत जीभ वळायला लागते. शेजारच्या मावशी बघतात जरा विचित्र, त्यांना सांगा परीक्षा हाय म्हणून.